समुद्रात मेस्त नसतो

१९६८ च्या जुलैमध्ये, केप व्हर्दे बेटांच्या परिसरात, भर अटलांटिकमध्ये २९ वर्षांचा एक खलाशी आपल्या बोटीवरून पाण्यात उतरला. अंगात त्यानं मुद्दाम गडद शर्ट आणि जीन्स चढवली होती. गोरी कातडी पाण्यात चमकली की शार्क जवळ येतात, असा त्याचा हिशोब. बोट गळत होती आणि रोज पंप मारून तो कंटाळला होता. खाली जाऊन पाहिलं तर कीलला, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याला, लागून असलेल्या फळीची सांध दोन्ही बाजूंनी उघडलेली, आणि बोट डोलली की ती सांधही हलायची. आधी त्यानं हातोडीनं कापसाची वात ठासून पाहिली. श्वास पुरेना, वात टिकेना. मग वर येऊन त्यानं कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिच्यावर वात शिवली, डांबर फासलं आणि बुड्या मारत मारत ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांधीवर ठोकून बसवली. वरून तांब्याचा पत्रा. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर चढून बंदूक घ्यावी लागली. काम मात्र पुरं झालं आणि गळती आटोक्यात आली.

खलाशाचं नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बोटीचं नाव ‘सुहेली’. जगाभोवतीच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले होते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, एकटा तोच फाल्मथला परत पोचला. कुठंही न थांबता एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की ३२ फुटांची ही सागवानी बोट मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली. इथल्या सुतारांनी वाकस, रंधा आणि हाती चालणारे गिरमिट वापरून ती घडवली. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. बोट त्याच्या डोळ्यांदेखत उभी राहिली आणि पुढे मुंबईहून इंग्लंडपर्यंत त्यानंच ती नेली. त्यामुळं पाण्याखाली, डोळ्यांत खारं पाणी जात असताना, आपण नेमकं कशावर खिळा ठोकतो आहोत हे त्याला ठाऊक होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘दुरुस्ती’ हा विषय दिला तेव्हा मला ही बुडी आठवली आणि मी गोव्याची वाट धरली.

मांडवीच्या काठावर

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि थोड्याच वेळात दिवाडी बेटाला लागते. या नदीकाठानं भारतीय शिडांचा अलीकडचा इतिहास घडवला. रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात इथं ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलाकडं गेली. फलटणजवळच्या विंचुर्णीत निवृत्तीनंतर स्थायिक झालेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी एका भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला होता. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तो पुरा केला, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून कुठंही न थांबता फेरी मारली. २०१७ मध्ये तिची बहीण ‘तारिणी’ आली. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणी तिच्यातून जग फिरून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. काथ्यानं फळ्या शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’सुद्धा दिवाडीचीच.

या सगळ्या बोटींच्या निरोपाचे आणि स्वागताचे फोटो आपण पाहिले आहेत. बँड, झेंडे, मंत्री. निघण्याआधी महिनोन् महिने त्या लाकडी ठोकळ्यांवर उभ्या असतात आणि माणसं त्यांच्या पोटाखाली उताणी पडून काम करत असतात, तो फोटो मात्र कुणी काढत नाही. मला तो काळ पाहायचा होता.

मी ज्या यार्डात गेलो तो लहानसा. तिथं चाळीस फुटी, फायबरग्लासची, पंचविशी उलटलेली एक शिडाची बोट जमिनीवर चढवलेली होती. मालक पुण्याचं जोडपं. काका आयुष्यभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते, काकू शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. जानेवारीत ईशान्येचा वारा स्थिरावला की गोव्याहून सेशेल्सला निघायचं, सुमारे सोळाशे सागरी मैल, आणि तिथून पुढं ऋतू सांभाळत आफ्रिकेचं टोक, असा त्यांचा बेत आहे. यार्डातल्या सुताराला तिथं सगळे मेस्त म्हणतात. ते साठीचे आहेत. त्यांचे हात मासेमारीच्या लाकडी ट्रॉलरांवर तयार झाले आणि नंतर ते फायबरकडं वळले.

ओली हवा आणि फायबर

कोकणात बोट दुरुस्त करण्याचा ऋतू ठरलेला आहे. जून-जुलैची मासेमारीबंदी, मग नारळी पौर्णिमा. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढून घ्यायच्या, तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, तेलपाणी करायचं. लाकडाला ही दमट हवा मानवते, कारण फळ्या आक्रसत नाहीत. फायबरग्लासचं मात्र नेमकं उलटं. ज्या महिन्यांत समुद्र बंद म्हणून सवड मिळते, त्याच महिन्यांत हवेत इतकी ओल असते की इपॉक्सी, म्हणजे काचेचं कापड चिकटवणारं रेझिन, नीट बसत नाही. वर चिकट पांढुरका थर येतो आणि त्याच्यावर दिलेला पुढचा हात सुटतो.

म्हणून पावसाळाभर बोटीच्या आत काम चालतं आणि बाहेरच्या बहुतेक कामाला गणपतीनंतर हात लागतो. मी जुलैत पहिल्यांदा गेलो तेव्हा बोटीवर निळ्या ताडपत्रीचा तंबू होता, आत हॅलोजनचे दिवे आणि ओल शोषणारं यंत्र. मेस्त लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन बोटीच्या पोटाला वीतभर अंतरावर टकटक करत फिरत होते. घट्ट फायबर खणखणीत वाजतं. आतले थर सुटलेले असले की आवाज बसका होतो. बसका आवाज आला की ते खडूनं गोल करायचे. पाण्याच्या रेषेखाली असे बरेच गोल होते आणि काही ठिकाणी फोड आलेले होते. एक फोड टोचून दाखवला तेव्हा आतून पाणी आलं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी रेझिनमधल्या द्रव्यांशी मिसळून असं होतं.

अशी जागा दुरुस्त करताना पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो. खराब भाग नाण्याएवढा असला तरी त्याच्या भोवती बशीसारखा उतार घासत जावं लागतं. नियम असा की जाडीच्या बारापट रुंद उतार हवा. एक सेंटिमीटर जाडीचं फायबर असेल तर चारी बाजूंनी बारा सेंटिमीटर. नवं कापड जुन्याला धरून राहायचं तर चिकटायला तेवढी जागा लागते. म्हणजे बोट बरी करण्यासाठी आधी ती कितीतरी जास्त फोडायची. ज्याला एवढं घासायचा धीर होत नाही, तो वरून पुट्टी भरून रंग मारतो. धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटीला ती मलमपट्टी चालून जाते.

त्या दिवशी कापड कापून तयार होतं, रेझिनचा डबा उघडायचा तेवढा बाकी होता. मेस्तांनी हाताचा उलटा पंजा बोटीला लावला, मग फडक्यानं पुसून परत लावला. आर्द्रता मोजणारं यंत्र दोन पावलांवर लटकत होतं, त्याच्याकडं त्यांनी नंतर पाहिलं. “आयज न्हय, फाल्यां,” म्हणाले आणि डबा परत फळीवर ठेवला. काकांचा चेहरा पडला, कारण पगार चालू होता आणि यार्डाचं भाडंही. तरी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पाऊसच होता, तेव्हा परत फाल्यां.

लाल रेघ

डोलकाठी उतरवून दोन घोड्यांवर आडवी ठेवलेली होती. तिला उभी धरणाऱ्या पोलादी तारा गुंडाळून एका खोलीत ठेवल्या होत्या. प्रत्येक तार एकोणीस सळ्यांची. त्यातली एक जरी तुटलेली सापडली तरी ती तार बाद. काकांनी मला एक टर्मिनल दाखवलं, म्हणजे तारेचं टोक ज्यात दाबून बसवलेलं असतं ती नळी. स्वच्छ, चकचकीत, आरशासारखी.

मग त्यांनी ती द्रावकानं पुसली, तिच्यावर लाल रंगाचा फवारा मारला आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवली. नंतर लाल रंग पूर्ण पुसून काढला. नळी पहिल्यासारखी चकचकीत. आता त्यांनी पांढऱ्या भुकटीचा दुसरा फवारा मारला. पांढऱ्या थरावर, हळूहळू, केसाइतकी बारीक एक लाल रेघ उमटत गेली. भेगेत शिरून बसलेला रंग भुकटीनं शोषून बाहेर काढला होता. नुसत्या नजरेला ही भेग दिसली नसती, भिंगानंही कदाचित नाही. दक्षिण महासागरातल्या एखाद्या रात्री ती नळी तिथूनच उकलली असती आणि तिच्यामागून डोलकाठी गेली असती.

स्टेनलेस स्टील गंजत नाही अशी आपली समजूत असते. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर असतो आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. मोकळ्या हवेत पोलाद स्वतःला सांभाळतं. जिथं खारं पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही, म्हणजे नळीच्या आत किंवा डेकमधून पट्ट्या खाली जातात त्या फटीत, तिथं तो थर मोडतो आणि गंज आतल्या आत खात जातो. बाहेरून चकाकी तशीच. म्हणून दर दहा वर्षांनी साऱ्या तारा बदलाव्यात असा दंडक आहे, आणि महासागर ओलांडायचा असेल तर तारांच्या वयाबद्दल जुन्या मालकानं तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबू नये. काकांनी सगळ्या तारा बदलल्या. या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा खर्च तोच.

पाण्याखालची भोकं

बोटीच्या तळाला भोकं असतात, हे नवख्याला खरं वाटत नाही. इंजिनाला थंड पाणी आत घ्यायचं, बेसिनचं पाणी बाहेर सोडायचं, शौचालय, खोली मोजणारं यंत्र, प्रत्येकासाठी एक. पाणी ज्यातून आतबाहेर जातं त्या प्रत्येक भोकावर एक झडप. चार सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याखाली अर्धा मीटर असेल आणि ते उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. हातपंपाला ते झेपत नाही.

या भागाची जबाबदारी काकूंनी घेतली होती. जुन्या झडपा त्यांनी एका ट्रेमध्ये मांडल्या होत्या आणि एका झडपेवर पात्यानं ओरखडा काढून दाखवला. पितळेचा पिवळा रंग जाऊन आत गुलाबी छटा दिसत होती. “पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात जस्त आधी निघून जातं. उरतं ते सच्छिद्र तांबं. आकार तसाच राहतो, ताकद जाते,” त्या म्हणाल्या आणि पान्याच्या टोकानं हलकेच ठोकलं. कडेचा तुकडा बिस्किटासारखा सुटून ट्रेमध्ये पडला. आता साऱ्या झडपा ब्राँझच्या आहेत. तळाला बाहेरून जस्ताचे नवे ठोकळे बसवले आहेत. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. ती झीज स्क्रूच्या पंख्यानं सोसण्याऐवजी जस्तानं सोसावी, यासाठी ती योजना. ठोकळा अर्धा झिजला की बदलायचा.

प्रत्येक झडपेशेजारी दोरीनं एकेक लाकडी खुंटी बांधलेली आहे, निमुळती, मऊ लाकडाची. झडप तुटली तर ती भोकात ठोकायची. मेस्तांनी त्या भोकांच्या मापानं तासून दिल्या. दोरी का, तर पाणी घोट्यापर्यंत आलेलं असताना खण उघडून शोधत बसायला वेळ नसतो.

सुकाणू गेलं तर

२०१८ च्या एप्रिलमध्ये केप टाउनहून गोव्याकडं येताना ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिला ठरलेला मार्ग सोडून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावं लागलं. तिच्या प्रवासाचा तो शेवटचा टप्पा होता आणि बंदर आवाक्यात होतं. प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात अशी सोय नाही. २०२५ च्या जानेवारीत दिलना आणि रूपा पॉइंट निमोजवळून गेल्या. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे.

तिथं काय करावं लागतं याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण टॉमींचंच. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’तून निघाले होते. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळानं डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या मणक्यांना जबर इजा झाली आणि फ्रेंच नौका ‘ओसिरिस’नं त्यांना उचललं. चार वर्षांनी ते ‘बायानात’ या ३६ फुटी बोटीतून त्याच शर्यतीत परत उतरले. शर्यतीचा नियम असा की तंत्रज्ञान १९६८ चंच, त्यामुळं बोट आपोआप दिशेवर ठेवायला वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र, विंडव्हेन. त्याचं पाण्यातलं वल्हं वाटेत मोडलं. मग त्यांनी आणीबाणीसाठी ठेवलेलं सुकाणू कापलं, नकाशाचं टेबल कापलं, शौचालयाचं दार काढलं आणि त्यातून नवी वल्ही करत गेले. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, ते दुसरे आले.

काका-काकूंच्या यादीत या गोष्टीचा थेट परिणाम दिसतो. त्यांनी दुकानातून सुट्या भागांचा ढीग आणलेला नाही. प्लायवूडचे दोन तक्ते आणलेत, बोल्टची भोकं आधीच पाडून. इपॉक्सी, काचेचं कापड, हातानं चालणारी ड्रिल, तारेसारखीच ताकद असलेला पण कात्रीनं कापता येणारा डायनीमाचा दोर. बोटीतला कुठला दरवाजा, कुठली फळी, कुठला पाइप अडीअडचणीला कशासाठी वापरता येईल याची काकूंनी वही केली आहे. ती वही मला फार आवडली.

तशाच निष्ठेनं त्यांनी दुसरंही काम केलं. बोट उलटी झाली तर काय सुटून येईल, हे पाहत त्या एकेक कप्पा तपासत गेल्या. बॅटऱ्यांना पट्टे, शेगडीला खिट्टी, पायाखालच्या फळ्यांना कुलपं. मोठ्या लाटेत बोट पूर्ण कलंडून परत सरळ होऊ शकते, कीलचं वजन तिला सहसा सरळ करतं. त्या काही सेकंदांत मोकळी बॅटरी माणूस मारू शकते.

शिडांबद्दल थोडक्यात. कापडाआधी टाके जातात, कारण दोरा उन्हात कुजतो. नखानं टाका ओढून पाहायचा, तुटला तर सगळी शिवण नव्यानं घालायची. आणि पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर न्यायचं नाही, त्याच्या घडीत झुरळांची अंडी असतात. डबे, बरण्या, कांदे-बटाटे सगळं धक्क्यावरच काढून, पुसून आत घ्यायचं.

कुणाच्या हातानं

पैसे देऊन हे सगळं करून घेता येतं. मोठ्या देशांतल्या यार्डांत किल्ली सोपवायची आणि तीन महिन्यांनी यायचं, असाही रिवाज आहे. मला ते पटत नाही, आणि या विषयातल्या जाणत्यांनाही पटलं नव्हतं. दोंदे निघण्याआधी, २००६ मध्ये, नॉक्स-जॉन्स्टन एका शर्यतीची तयारी करत होते. दोंदे तिथं जाऊन त्यांच्या किनाऱ्यावरच्या पथकात राबले. परत आल्यावर ‘म्हादेई’ घडत असताना ते गोव्यात मुक्कामाला होते. स्वतः नॉक्स-जॉन्स्टन यांनी सत्तरी ओलांडल्यावर ‘सुहेली’ची दुरुस्ती आपल्या हातानं केली. कुलाब्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजून सागवानाला आतून खात होते. ते काढून त्यांनी ब्राँझचे घातले. सर हा किताब मिळालेला, जगप्रसिद्ध माणूस बोटीच्या पोटाखाली बसून गंजके खिळे उपटत होता.

जो हात झडप बसवतो त्याला ती अंधारात सापडते, हे मी यार्डात डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी एका संध्याकाळी दिवे बंद केले आणि काकांना एकेक झडप बंद करायला लावली. काका तीन ठिकाणी चाचपडले. मग अदलाबदल झाली आणि काकू न अडखळता सगळीकडं पोचल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी दोन झडपा सोडवून परत स्वतः बसवल्या.

मेस्तांची गोष्ट वेगळी, आणि तिची मला चिंता वाटते. त्यांच्या हातात दोन विद्या आहेत, लाकडाची आणि फायबरची. आवाजावरून दोष ओळखणं, हाताच्या पाठीनं ओल ओळखणं, कधी काम करायचं नाही हे ठरवणं. त्यांचा मुलगा पणजीला हॉटेलात आहे. यार्डातली तरुण पोरं बहुतेक ओडिशा-झारखंडची, मेहनती, पण दोन हंगामांनी दुसऱ्या कामाला जाणारी. आपण सागरी परंपरेवर परिसंवाद भरवतो, आरमाराच्या आठवणी जागवतो. या माणसांच्या हाताखाली पाच-सहा वर्षं शिकणाऱ्या पोराला पुरेसा पगार देणारी एखादी योजना असली तर त्या परंपरेचं जास्त भलं होईल, असं मला मनापासून वाटतं. दिवाडीसारख्या ठिकाणी जगप्रदक्षिणेच्या बोटी घडल्या त्या अशा हातांमुळं.

उधाणाची वाट

बोट पाण्यात सोडायला उधाणाची भरती लागते, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा. नदीचा उतार उथळ आहे, एरवीच्या भरतीला कीलखाली पुरेसं पाणी येत नाही. सर्वपित्रीचं उधाण काकांना सोयीचं होतं. पितृपक्षात बोट पाण्यात सोडायला मेस्त तयार झाले नाहीत. काकूंनी लगेच मान्य केलं, काकांनी जरा वेळानं. आता कोजागिरी ठरली आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस मी परत गेलो तेव्हा तंबू निघाला होता. पोटाला इपॉक्सीचे शेवटचे हात देऊन झाले होते आणि शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा तांबूस रंग सुकत होता. बोटीला टेकू दिलेल्या जागा तेवढ्या कोऱ्या राहिल्या होत्या. त्या, बोट क्रेननं उचलून धरली असताना, ऐनवेळी रंगवायच्या.

भिंतीवरच्या यादीत अजून कामं उरली आहेत. सुकाणूच्या वरच्या बेअरिंगमध्ये किंचित ढिलेपणा आहे, नवं बुश पुण्याहून यायचंय. जीवरक्षक तराफा तपासणीहून परत आलेला नाही. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढणाऱ्या यंत्राचा दाब हवा तेवढा चढत नाही, काका रोज संध्याकाळी त्याच्याशी झटतात. पाण्यात उतरल्यावर पहिला तासभर कुणी डेकवर यायचं नाही, सगळ्यांनी आत टॉर्च घेऊन एकेका झडपेपाशी बसायचं, असं काकूंनी लिहून ठेवलंय. त्यानंतर आग्वादच्या बाहेर एक दिवसाची चाचणी, मग एक रात्रीची मालवणपर्यंत. दोन्हीला मेस्त सोबत जाणार आहेत. जानेवारीत नाहीत.